उलाळ गाडी

"पण बुवा, ती डुलते का? तेवढं सांगा."

मोतगीरबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल टोपलीत टाकलं आणि दुसरी हातात घेतली.

"सगळं मापात हाय," हिंदुराव म्हणाला. "दोन्ही चाकं एका रेषेत. हवा सारखी. वेल्डिंग दोनदा मारलंय. तरी उतार लागला की मागनं शेपूट हलवल्यागत करती. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पार पुढच्या जीपलासुद्धा ओढून नेती."

बुवांनी ओंजळभर शेंगा त्याच्यापुढे केल्या.

"मी शेंगा खायला न्हाई आलो बुवा."

"मग कशाला आलास?"

हिंदुरावनं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं...

तो कशाला आला होता, ते कारण तिकडे मैलाच्या दगडावर बसलं होतं. त्याची बायको, शालन. मांडीवर कापडी पिशवी, पाठ नवऱ्याकडे आणि तोंड दरीकडे. घाट उतरायला लागल्यावर दुसऱ्याच वळणाला ती म्हणाली होती, "थांबवा." जीप मठापाशी थांबली तशी ती उतरली आणि एवढंच बोलली :

"मी संध्याकाळच्या येष्टीनं घरी जाते. तुम्ही जावा तुमच्या समुद्राला."

खरं तर समुद्र हिंदुरावचा नव्हताच मुळी. तो तिचा होता. लग्नाच्या वर्षी त्यानं तिला कबूल केला होता, आणि तेव्हापासून तो उद्यावर पडत पडत इथवर आला होता. आज ती परत फिरली, तर पुन्हा काही निघायची नाही. तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता. ती भांडत नाही. तो विषय मिटवून टाकते.

हिंदुराव फडतऱ्यानं उभी हयात एसटी चालवली. साताऱ्याहून निघायचं, उंबरघाट उतरायचा, कोकणात मुक्काम करायचा, सकाळी परत. घाट चढून येताना गाड्यांचं पाणी नेमकं या मठापाशी उकळायचं. वाफेचा लोट निघाला की मोतगीरबुवा घागर घेऊन बाहेर यायचे. असं करता करता लोक हिंदुरावला बुवांचा शिष्य म्हणायला लागले. आता बुवांनी त्याला माळ घातली नव्हती, कानात मंत्रही सांगितला नव्हता. इतक्या वर्षांत एकच उपदेश केला होता : पाणी उकळत असताना झाकण उघडू नकोस, थांब. पहिल्या वेळी हिंदुरावनं तो ऐकला नाही. त्याची खूण अजून मनगटावर होती.

कोकणातल्या मुक्कामाला तो गाडीच्या टपावर झोपायचा. खाली समुद्र गाजत असायचा. पहाटे उठून तो वाळूवर जायचा, खिसाभर शंख-शिंपले गोळा करायचा आणि घरी नेऊन शालनच्या हातात ठेवायचा. ती त्यातला शंख कानाला लावून बघायची.

"आवाज येतो का?" तो विचारायचा.

"येतो की," ती म्हणायची. "पण लांबनं."

निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, आता आवाज जवळून ऐकवायचा.

पुतण्यानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं होतं. परदेशातली एक चिमुकली गाडी. पाण्याचा थेंब आडवा पडावा तशी. पुढून गोल, मागं निमुळती होत गेलेली. आत दोन माणसं झोपतील एवढीच जागा आणि मागचं झाकण वर उचललं की आत स्वयंपाकघर! मोटारीच्या मागं जोडायची आणि वाटेल तिथं मुक्काम करायचा. हिंदुराव त्या चित्रावर असा लुब्ध झाला की त्या दिवशी जेवताना त्याला चटणी वाढलेलीसुद्धा कळली नाही.

आयुष्यात त्यानं रंधा हातात धरला नव्हता. पण ज्यानं एवढी मोठी बस घाटातून फिरवली, त्याला ही टीचभर गाडी काय जड, असा त्याचा हिशेब.

भंगारातून जुन्या जीपचा आख आणला. लोखंडी सांगाडा जोडला. प्लायवूडच्या दोन बाजू कापल्या. उभ्या करून बघतो तर दोन्ही डाव्याच. चांगला पृष्ठभाग एकीचा बाहेर, एकीचा आत. छपरासाठी प्लाय वाकवायचा, म्हणून ओली पोती टाकून ठेवला, तर सकाळी अंगणात फटाका फुटल्यासारखा मोडला. दार इतकं बुटकं झालं की रोज कपाळ आपटायचं. गावानं गाडीला नाव ठेवलं 'हिंदुरावचं कासव', आणि येणारा-जाणारा विचारायला लागला, "काय म्हणतंय कासव? मान काढली का बाहेर?"

हिंदुराव हसायचा. चुकलेलं उसकटायचा, पुन्हा करायचा. त्याच्या हातांना इतक्या वर्षांत फक्त चाक फिरवायची सवय होती. आता त्यांना काहीतरी उभं करायचा नाद लागला. ते दिवस सुखाचे गेले, हे खरंच.

मागची बाजू मात्र त्यानं शालनला बघू दिली नाही. तिथं ताडपत्री टांगलेली. आज दुपारी निघायच्या वेळी त्यानं ती ओढली, जत्रेतल्या जादूगारासारखं झाकण वर उचललं आणि म्हणाला, "बघ!"

शालननं पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि जीपमध्ये मागं जाऊन बसली.

पुढच्या सीटवर जॅक, दोरखंड आणि हत्यारांची पेटी होती ना.

"बुवा, तिची भीती काढा," हिंदुराव आता काकुळतीला आला. "तुमचं ऐकल ती."

"गाडी सोड जीपपासनं."

हिंदुरावनं चाकांना दगड लावले, कडी काढली आणि गाडीची दांडी दोन बोटांवर उचलून धरली. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बघा, बुवा! फुलासारखी हाय. म्हटलं जीपला वझं नको व्हायला. पुढं काय ठेवलंच न्हाई. पुढच्या पेटीत नुसत्या चादरी आन शिंपल्यांचा डबा."

बुवांनी शेंगांची टोपली उचलली. सावकाश ओट्यावरून उतरले, गाडीच्या मागं गेले आणि मागच्या फळीवर टेकले.

दांडी हिंदुरावच्या बोटांवरून सुटली आणि आभाळाकडे गेली.

बुवा मागं पाय हलवत बसले होते. शेंगा फोडत होते.

हिंदुराव त्या वर गेलेल्या दांडीकडे बघत राहिला... आणि त्याच्या तोंडून आपसूक शब्द निघाला. कितीतरी वर्षांत तो त्यानं उच्चारला नव्हता.

"उलाळ."

"उलाळ झालीय गाडी. मागं वझं जास्त, पुढं काय न्हाई..." हिंदुराव खाली बसला. "आमची बैलगाडी झालेली अशी. लग्नाच्या दिवशी."

"कुणाच्या?"

"माझ्याच की!"

त्याला सगळं दिसायला लागलं. शालनच्या माहेराहून निघालेली वऱ्हाडाची गाडी. तिच्या वडिलांनी दिलेला तांब्याचा हंडा, घागर, लोखंडी ट्रंक आणि तो पाटा-वरवंटा, सगळं मागं रचलेलं. त्या सगळ्यांत अंग चोरून बसलेली नवी नवरी. पुढं आबा, हिंदुरावचे वडील, बैलांचे कासरे धरून, आणि शेजारी नवरदेव मुंडावळ्या सावरत. ओढ्याचा चढ लागला आणि गाडी उलाळ झाली. जू बैलांच्या मानेवरून उचललं आणि गळ्याशी लागलं. बैलांचे डोळे मोठे झाले. बायका ओरडल्या.

"मग?" बुवांनी विचारलं.

"आबा कुनालाच काय बोलले न्हाईत. नुसते खाली उतरले. आपल्या जागेवरचं घोंगडं झटकलं, परत अंथरलं. आन बाजूला झाले..."

"मग?"

"शालन उठली. ट्रंकेवरनं पाय टाकत पुढं आली. आबांच्या जागेवर बसली. माझ्या शेजारी." हिंदुराव थांबला. "गाडी बसली बघा जागेवर. जू बैलांच्या मानेवर आलं आन बैल चालायला लागले. आबा घरापतूर पायी आले."

ती त्याच्या इतक्या जवळ बसायची ती पहिली वेळ. नव्या लुगड्याचा वास, चुड्याची किणकिण आणि खाचखळगा आला की खांद्याला लागणारा तिचा खांदा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, समोर बघत होती. त्या वेळी त्यानं बैलांच्या कानांकडे बघत बघत तिला विचारलं होतं, "तू समुद्र बघितलायस?" ती नाही म्हणाली होती. आणि तो म्हणाला होता, "मी दाखवतो."

हिंदुरावला भरून आलं. ती वाट, ते बैल, आबा, काहीच राहिलं नव्हतं. ओढ्यावर पूल झाला होता. शालन होती तेवढी, आणि ती मैलाच्या दगडावर जाऊन बसली होती.

बुवा फळीवरून उतरले. दांडी खाली आली.

"मागं काय भरलंयस?"

"सैपाकघर." हिंदुरावनं झाकण उघडलं. आता त्याचा आवाज दुपारइतका मोठा नव्हता. "शेगडी. गॅसची टाकी. पाण्याचे कॅन. पिठाचा डबा. तिची माहेरची घागर. आन हा पाटा-वरवंटा."

"दगड?"

"मिक्सरमधल्या चटणीला चव लागत न्हाई."

"कुणाला? तिला?"

हिंदुराव पिठाचा डबा उगाच सरकवायला लागला.

"ते जाऊ दे," बुवा म्हणाले. "चहा पाज."

"आत्ता पाजतो!" हिंदुरावला सुटल्यासारखं झालं. तो रस्त्याकडे वळून ओरडला, "शालन! बुवांना चहा टाक गं!"

घाटात वारा तेवढा वाहत होता.

शालन वळली नाही. दरीकडे बघतच बोलली, पण एकेक शब्द मठापर्यंत आला.

"बुवा, ह्यांना विचारा, समुद्रावर मी काय करनार होते? भाकरीच थापनार होते न्हवं? घरात थापते ती तिथं थापायची. वाळू तेवढी नवी."

"अगं, पण..."

"ह्यांची बस फाट्यावर आली की हॉर्न वाजायचा. दोन लांब, एक आखूड. हातातलं टाकून डबा घेऊन पळायचे मी. तव्यावर भाकरी करपायची, पाळन्यात पोरगी रडायची. पन पळायचे. येष्टी थांबायची न्हाई म्हनून. आता वाटलं, सुटले. तर ह्यांनी माझं सैपाकघरच चाकावर बसवून माझ्यामागं लावून आनलं."

हिंदुराव तिथंच उभा. ते दोन लांब आणि एक आखूड म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात गोड आठवण. शेताच्या बांधावरून पदर खोचून धावत येणारी शालन, हातात डबा, गाल लाल झालेले आणि खिडक्यांतून बघणारे उतारू. 'बायको बघा कशी आहे!' असं तो कंडक्टरला सांगायचा. डेपोत सांगायचा. या ओट्यावर बसून बुवांनाही कितीदा सांगितलं होतं. करपलेली भाकरी त्याला बसमधून दिसली नव्हती. रडणारी पोरगीही नाही. त्याला फार वाईट वाटलं, आणि आता कुणाला सांगायची सोय नव्हती.

तो तिच्याकडे निघाला.

"पाणी उकळतंय," बुवा म्हणाले.

हिंदुराव थांबला. त्यानं नकळत मनगटावरची खूण चोळली.

"मग काय करू, बुवा? हे सगळं हितंच टाकून जाऊ?"

"जेवणार नाहीस?"

"मग... कुठं ठिवू?"

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली. आपला उजवा हात उचलला आणि स्वतःच्या मानेवर, मागं, जू बसतं तिथं ठेवला. क्षणभर तसाच ठेवला. मग पुन्हा शेंगांना लागले.

हिंदुरावनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

आधी त्यानं दांडीवरची पत्र्याची पेटी उघडून चादरी आणि शिंपल्यांचा डबा बाहेर काढला. मग मागून पाटा उचलला. तो उचलताना त्याच्या कमरेतून कळ गेली, आणि ही बाई हा दगड रोज भिंतीपासून ओढून पुढं घेते, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. पाटा पुढच्या पेटीत गेला. वरवंटा गेला. पाण्याचे कॅन गेले. जीपच्या पुढच्या सीटवरची हत्यारांची पेटी, जॅक, दोरखंड तेही त्यानं आणून पेटीत बसवलं. चादरी आणि शिंपले मागं, पाट्याच्या जागी गेले.

मग त्यानं दांडी उचलायला हात घातला. दोन बोटांनी हलली नाही. दोन्ही हात लावले, गुडघे वाकवले, तेव्हा कुठं ती वर आली. त्यानं ती जीपच्या कडीत टाकली. जीप मागून जराशी खाली बसली, आणि कासव पहिल्यांदा सरळ उभं राहिलं.

"आता चहा," बुवा म्हणाले.

हिंदुरावनं रस्त्याकडे पाहिलं. मग झाकणाकडे पाहिलं. मग शेगडी पेटवली.

त्या स्वयंपाकघरातला एकेक कप्पा त्यानं स्वतःच्या हातानं केला होता, पण साखर कुठल्या डब्यात आहे हे काही त्याला सापडेना. एकात हळद निघाली. एकात मीठ. पावडर अंदाजानं टाकली, साखर जास्तच अंदाजानं. आधण उतू गेलं, शेगडी विझली, पुन्हा पेटवली. या सगळ्या खटपटीत दगडावरची पाठ एकदाही वळली नाही. पण डब्यांची आदळआपट वाढली तसा तिचा पदर तोंडाशी गेल्यासारखा वाटला. हसत होती का रडत होती, ते मागून कळत नव्हतं.

त्यानं चहा गाळला. एक पेला बुवांपुढे ठेवला. बुवांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. चवीबद्दल बोलले नाहीत.

दुसरा पेला घेऊन तो मैलाच्या दगडाशी गेला. शालनच्या हाताशी ठेवला. बोलायचं पुष्कळ होतं. पण तो परत फिरला.

जीपची पुढची सीट त्यानं टोपीनं पुसली. हत्यारांचा काळा डाग होता, तो घासून काढला. डाग पुरता गेला नाही, म्हणून मागून एक चादर आणून त्याची घडी अंथरली. मग पलीकडचं दार उघडं ठेवून स्वतः स्टिअरिंगच्या चाकापाशी जाऊन बसला.

खालच्या वळणावर एसटीचा आवाज आला. चढाला लागलेल्या इंजिनाचा तो आवाज हिंदुराव झोपेतही ओळखायचा. आयुष्यभर तो ऐकून त्याला बरं वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, ही गाडी बंद पडावी.

पडली नाही. मैलाच्या दगडापाशी येऊन थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"मावशी, येनार का?"

शालनच्या हातात पेला होता. तिनं एक घोट घेतला.

"च्या संपवते."

"गाडी थांबनार न्हाई हो!"

"मग जावा," शालन म्हणाली.

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी वळणावर दिसेनाशी झाली. धूर विरला, आणि घाट पुन्हा शांत झाला.

शालन चहा पीत बसली. आयुष्यात कधी प्यायली नसेल इतक्या सावकाश. दरीपलीकडे, जिथं डोंगर संपतात आणि समुद्र असावा असं वाटतं, तिकडे ऊन उतरत होतं. पेला रिकामा झाला. तो बाजूला ठेवून ती उठली, लुगडं झटकलं आणि पिशवी हातात घेतली. पण पाय उचलला नाही. दोन्हीकडच्या रस्त्याकडे बघत ती तशीच उभी राहिली...

जीपचं इंजिन चालू होतं. दार उघडं होतं. हिंदुराव समोर बघत होता, लग्नाच्या दिवशी बैलांच्या कानांकडे बघत होता तसाच. आता येईल, मग येईल... आणि त्याच्याही नकळत त्याचा अंगठा चाकाच्या मधोमध, हॉर्नवर जाऊन टेकला. दोन लांब, एक आखूड.

ओट्यावरून शेंग फुटल्याचा आवाज आला.

"हॉर्न वाजवू नकोस, हिंदुराव."